सरळ केलेला माळ

फोटोवरच्या लाल वर्तुळाच्या आत काहीच नव्हतं. लेकीनं, वृषालीनं, ते बोटानं काढलेलं असणार, घाईत, ऑफिसच्या जिन्यात वगैरे — सुरुवात एकीकडे, शेवट भलतीकडे — आणि आत नुसतं फिकट आभाळ. मोहनरावांनी चष्मा कपाळावर ढकलला, मोबाईल नाकाशी नेला, मग लांब धरला. काही नाही. खाली तिचं वाक्य होतं : 'तात्या, इथं फार रिकामं वाटतंय. काहीतरी हवं.'

काहीतरी! अगं बाई, तिथं विजेचा खांब होता की. गेल्या रविवारी तूच तो काढायला लावलास — नजर अडते म्हणालीस — आणि काढला म्हणजे काय, तासभर बोटानं घासून घासून पुसला; तार पुसली की आभाळाला डाग पडायचा, डाग पुसला की ढगाचा कान तुटायचा... आणि आता त्याच जागी रिकामं वाटतंय.

बारामतीहून निघालेली इंदापूरची एसटी खडखडत होती. शेजारच्या बाईच्या मांडीवर मेथीच्या जुड्या होत्या आणि वळण आलं की त्या मोहनरावांच्या कोपरावर कलत. एकच फोटो काढायला ते आज चौथ्यांदा चालले होते. कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या त्या चारीला पाणी आज संध्याकाळपर्यंतच होतं. उद्यापासून पाण्याचं आवर्तन बंद. मग महिना-दीड महिना तिथं चिखल, शेवाळ आणि अडकलेल्या बाटल्या. म्हणजे आज नाही तर नाही.

तेहतीस वर्षं त्यांनी कालवा निरीक्षक म्हणून त्या चाऱ्यांच्या कडेनं काढली होती. कुठल्या वळणावर पाणी मुरतं, कुठला दरवाजा गंजून अर्ध्यावर अडतो, सगळं पाठ. फोटो काढावा असं मात्र तिथं त्यांना कधी काही दिसलं नव्हतं. कुशाबाई गेल्या, वर्ष झालं, आणि वृषालीनं पुण्याला परत जाताना हा मोबाईल हातात ठेवला. "काहीतरी करत राहा तात्या." तोपर्यंत तिचे फोन आईला असत. मायलेकी तासतास बोलत, शेवटी पलीकडून विचारलं जाई, तात्या बरे आहेत ना, आणि कुशाबाई स्वयंपाकघरातूनच सांगत, हे काय, पेपर घेऊन बसलेत. आता फोन थेट त्यांना यायला लागला आणि दोघांचीही पंचाईत झाली. जेवलात? जेवलो. गोळी? घेतली. थंडी? आहे थोडी. चाळीस सेकंद. मग एकदा त्यांनी सहज या चारीचा फोटो पाठवला — खालच्या शेताकडे उतरत गेलेलं पाणी, दोन्हीकडे ज्वारी, मागे माळाची लांब कड — तर उलट अकरा ओळी आल्या! अकरा. त्यांनी मोजल्या होत्या.

तिच्या जाहिरातींच्या ऑफिसात ती दिवसभर हेच करते म्हणे, लोकांची चित्रं नीट करणं. पण मी काय तिच्या ऑफिसात नोकरीला आहे? खाली बसून काढा — गुडघे धरून बसलो. ऊन कलल्यावर काढा — शेवटची एसटी चुकवून ट्रॅक्टरवर बसून आलो. डावीकडचं कापा, कापलं. आणि दर खेपेला, अगदी दर खेपेला, पहिली ओळ तीच : क्षितिज वाकडं आहे.

वाकडं! त्या माळाची उंची त्यांनी स्वतः मोजलेली होती, दुर्बीण तिवईवर लावून, भर मे महिन्यात. डावीकडून उजवीकडे माळ उतरतो. उतरतो म्हणून तर पाणी जातं. ती फोटो एवढासा फिरवून माळ सरळ करायची आणि चारीतलं पाणी थिजून जायचं, डबक्यासारखं. बांधावरची बाभळ डावीकडे कलायची, प्यायल्यासारखी. खांब असता तर तोही कलला असता आणि आज ना उद्या तिच्या लक्षात आलं असतं... पण खांब आधीच पुसलेला. सरळ काय ते सांगायला चित्रात कुणी उरलंच नव्हतं. हे सगळं मोहनरावांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी 'बरं' एवढंच लिहून पाठवलं होतं. मग बशी दाणकन ओट्यावर ठेवली होती.

फाट्यावर उतरून ते चालत चारीवर आले, तेव्हा बनाबाई वांग्यांच्या वाफ्यात पाणी धरत होती. चारीच्या शेवटाला तिचं एकरभर रान. तिच्या पाण्याच्या पाळीवरून ते नोकरीत असताना तिच्याशी पुष्कळ वेळा भांडले होते.

"आलाव व्हय सायेब? पुन्यांदा?"

"शेवटचं. आज पाणी बंद होणार."

"म्हाईत हाय. म्हनून तर धरतीया. तुमच्या फोटूनं काय पानी वाढत न्हाय."

मोहनरावांनी खांब चौकटीत येणार नाही अशी जागा धरली, गुडघे मोडून खाली बसले. ऊन कललं होतं, ज्वारीच्या पात्यांच्या कडा पेटल्यासारख्या दिसत होत्या. सगळं होतं; फक्त उजवीकडचं ते रिकामं. काहीतरी हवं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, "बनाबाई, जरा त्या बांधावर उभ्या राहता का? लेकीला माणूस पाहिजे चित्रात."

बनाबाईनं हात धुतले, पदर झटकून डोक्यावरून घेतला, बांधावर जाऊन हात जोडले आणि निवडणुकीला उभी राहिल्यासारखी समोर बघत राहिली.

"इकडं नका बघू. काम करत राहा."

"फोटूत कुनी काम करतं व्हय?"

पाच फोटो झाले. पाचही तसेच. सूर्य खाली चालला होता. त्यांनी त्यातल्या त्यात बरा पाठवून दिला. मिनिटभरात फोनच आला.

"तात्या, ऊन काय सुंदर आलंय! पण या आजी अशा का उभ्या आहेत? आणि क्षितिज परत —"

"वाकडं नाही ते!"

एवढा मोठा आवाज आपला आहे हे त्यांना क्षणभर कळलंच नाही. वाफ्याकडे परतलेली बनाबाई वळून बघू लागली.

"माळच तसा आहे. उतार आहे तिथं. तू सरळ करतेस आणि पाणी उभं राहतं. पाणी कधी उभं राहतं का? आणि तो खांब होता तिथं, तो सरळ होता, तो तूच —"

आता ती रागावणार, किंवा 'बरं' म्हणणार, आणि परत चाळीस सेकंद... हे काय करून बसलो मी?

"तात्या," ती सावकाश म्हणाली, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू म्हणालीस वाकडं आहे."

"मी आहे का तिथं? मला काय माहीत माळ कसा आहे. आई म्हणायचीच, तुझ्या तात्यांना काय सलतंय ते आपण आपटलेल्या भांड्यांवरून ओळखायचं."

कुशाबाई असं म्हणायची? कधी? हसून की... वृषाली पुण्याच्या कॉलेजात निघाली तो दिवस एकदम पुढ्यात आला : ते अंगणात सायकलची साखळी बसवत राहिले होते, बसलेली साखळी काढून पुन्हा बसवत, आणि ती बॅग घेऊन फाटकापाशी थांबली होती, थोडा वेळ... बराच वेळ. तिला तेव्हा काय वाटलं असेल? तात्यांच्या मनात नको जाऊस आहे, असं वाटलं असेल? नको जाऊस असं नव्हतंच मुळी. उलट उरात एवढा अभिमान दाटला होता की मान वर केली असती तर डोळे दिसले असते. आणि हे तिनं साखळीच्या आवाजावरून कसं ओळखायचं होतं?

"तात्या? ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग सांगा ना. उतार किती आहे? पाणी नेमकं कुठून येतं?"

चीड अजून तशीच होती, गरम, महिनाभर साठलेली. पण ती आता लेकीच्या अंगावर घालता येईना. मोहनरावांनी माळाच्या वरच्या कडेकडे पाहिलं. "वरच्या दरवाज्यापासून सांगतो," ते म्हणाले.