एका लूमला किती माणसं

आमच्या बाबांना स्वस्थ बसवत नाही. १९९२ साली अंजूरला वीज देणारी डीपी जळाली, नवी यायला महिना लागेल असं कळलं आणि आमच्या शेडमधले कापड विणणारे चारही लूम बंद पडले. बाबांनी दोन सायकली आणल्या, मागचे टायर काढले आणि मोटरऐवजी त्या चाकांवरूनच एका लूमला पट्टा जोडला.

"करंट नसंल तर नसंल, पायात जोर हाय ना!" बाबा म्हणाले.

बारावीची परीक्षा वीस दिवसांवर होती, तरी कुतूहलापोटी मीही सायकलवर चढले. हळू मारलं की आडवा धागा नेणारा धोटा सुतात मध्येच अडकायचा, म्हणून बाबांनी आणि मी जीव खाऊन पेडल मारलं. दहा मिनिटांत जीभ बाहेर! मग राघोकाका आणि आई बसले. आई सायकलवर, तर चुलीपाशी कोण? वडप्याहून शेवंताआत्याला बोलावलं. गिरणीही बंद, म्हणून आत्या जात्यावर. नळ कोरडा, म्हणून काकू विहिरीवर. त्यात प्रत्येकाला भूक दुप्पट. संध्याकाळी पाहिलं तर कापड जेमतेम एका लुंगीपुरतं. मला हसू आवरेना.

जेवताना मी विचारलं, "आई, गावात करंट आला नव्हता तवा आपल्या घरात कोण शिकलेलं?"

"कोण शिकंल? हात रिकामा कोनाचा व्हता?"

माझं हसू गेलं. मी आपल्या हुशारीवर शिकतेय असं समजत होते, आणि इकडे माझ्या वाटणीचं दळण ती विजेची तार दळत होती.

सकाळी बाबा मऊ आवाजात म्हणाले, "मंदा, परीक्षा पुढच्या साली दे. तुझ्याबिगर लूम चालत न्हाय." ते रागावले असते तर मी भांडले असते. मी गुपचूप सायकलकडे निघाले.

आई माझ्या आधी शेडमध्ये पोचली. तिने दोन्ही सायकलींच्या चेन काढल्या आणि विहिरीत टाकल्या. "पोरीला न्हाय जुंपायची," एवढंच बोलली. बाबांनी लूमचा पट्टा सोडवून ठेवला.

लूम बंदच राहिले. आत्या वडप्याला, काकू आपल्या घरी परत गेल्या. जातं आणि विहीर दोन्ही आईकडे आली, मी वाचत बसले.

परीक्षेला निघताना आईने माझ्या हातावर दही घातलं. तिच्या तळव्यांवर फोड फुटले होते. माझे हात मऊ होते.