इतर देशांतली मॅडम

मी बाजाराचं भविष्य लिहितो. पुढच्या दहा वर्षांत जगात दाढीचे ब्रश किती खपतील हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, आणि मला स्वतःला अजून दाढी नीट येत नाही. ब्रशनंतर माझ्याकडे लहान मुलांच्या फिट्सचा अहवाल आला. जन्मतःच जनुकात बिघाड, साध्या औषधांना दाद नाही, असा दुर्मीळ अपस्मार. त्यावरच्या औषधांना पुढे मागणी किती, ते लिहायचं होतं.

"यातलं काही कळतं का?" सरांनी विचारलं.

"घरचंच आहे," मी म्हटलं.

घरचंच होतं. ताईची मुलगी, माझी भाची. तिला सगळे मॅडम म्हणतात, कारण तिने नुसती मान वाकडी केली तरी तीन माणसं ताडकन उभी राहतात. ताईच्या हातात घड्याळ, भावजींच्या हातात फिट थांबवायला गालात सोडायच्या औषधाची पिचकारी, आणि मी उशी घेऊन. एवढा मान आमच्या सरांनाही नाही. मॅडम साडेपाच वर्षांच्या होत्या आणि त्यांना चार शब्द यायचे. एक 'मामा', एक 'नको'. हे दोन बहुतेक एकत्रच यायचे.

अहवालाला देशोदेशीच्या मुलांची संख्या हवी होती. आमच्या देशातली कुणी मोजलीच नव्हती. ताईने मोजली होती. दवाखान्यातल्या बाकांवर बसून, फोन करकरून, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने सत्तेचाळीस मुलांची यादी केली होती. तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय ती कुणाला घ्यायची नाही. प्रत्येकापुढे वय, बिघडलेलं जनुक आणि शेवटी काहीबाही. 'पंखा आवडतो.' 'हसलं की फिट येते, म्हणून वडील विनोद सांगत नाहीत.'

"ही घे, छाप," ताई म्हणाली.

"ताई, छापील पुरावा लागतो. शोधनिबंध, सरकारी नोंद, असलं काहीतरी."

"मग मी कोण?"

"तू नातेवाईक."

ती हसली. मीही हसलो. "बरं बाबा, तुझं तू बघ."

मी माझं बघितलं. ज्या देशाचा छापील आकडा नाही तो 'इतर' या ओळीत टाकायचा, असा आमच्याकडे नियम आहे. सरांना विचारता आलं असतं. ते रजेवर होते, पण फोन उचलणाऱ्यातले आहेत. मला कंटाळा आला. शुक्रवार होता. सत्तेचाळीस मुलं उचलून मी 'इतर'मध्ये ठेवली आणि चहा प्यायला गेलो.

तीन महिन्यांनी ताईने त्याच अहवालातल्या तक्त्याचं पान माझ्यापुढे ठेवलं. मॅडमच्या डॉक्टरांनी छापून दिलं होतं. एक कंपनी नव्या औषधाच्या चाचणीसाठी केंद्रं उघडत होती. ज्या देशात किमान चाळीस मुलं, तिथेच केंद्र. देश निवडले होते आमच्या अहवालावरून. औषध मिळणार होतं फक्त सहा वर्षांच्या आतल्या मुलांना.

"यात आपण कुठे आहोत?"

मी बोट ठेवलं. बोट जरा जाड पडलं, 'इतर'ची ओळ झाकली गेली.

"आणि हे लिहिलं कुणी?"

"मी."

ताईने मॅडमच्या हनुवटीवरची लाळ पुसली. मग टेबल पुसलं. मग पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

"दुरुस्त होतं का?"

दुसऱ्या दिवशी मी यादी घेऊन सरांसमोर उभा राहिलो. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, 'पंखा आवडतो'पाशी थोडे थांबले. "डॉक्टरांची सही आण यावर, झालं. तेव्हाच का नाही विचारलंस?"

उत्तर 'शुक्रवार' असं होतं. मी ते दिलं नाही.

सहीला दोन तास लागले. कंपनीला दुरुस्ती मान्य करून, पाहणीला माणसं पाठवून, आमच्याकडे केंद्र उघडायला सात महिने लागले. मधल्या काळात यादीतल्या चार मुलांना सहा वर्षं पूर्ण झाली. एरवी याला वाढदिवस म्हणतात. त्यातला एक आमच्या घरी झाला.

केंद्र उघडल्यावर ताईने यादी माझ्या हातात दिली. "सगळ्यांना तूच फोन कर. या चौघांनाही."

ज्यांचं वय बसत होतं त्यांना फोन करणं सोपं होतं. नंतर तीन घरांना मी सांगितलं, तुमचं बसत नाही. तिघांनीही विचारलं, आधी का नाही झालं? तिघांनाही मी म्हटलं, तांत्रिक कारण. मग फोन खाली ठेवला.

"चौथा राहिला," टेबलापलीकडून ताई म्हणाली.

"ताई, तू समोरच बसलीयस."

"नातेवाईक म्हणून सवलत नको. लाव."

मी लावला. तिच्या हातातला फोन वाजला. तिने तीन रिंग जाऊ दिल्या.

"हॅलो, कोण?"

"यादीवाल्या ताईंकडून बोलतोय. तुमच्या मुलीचं वय चाचणीत बसत नाही."

"कितीने हुकलं?"

"चार महिन्यांनी."

"मग आधी का नाही झालं?"

"मी विचारलं नाही म्हणून."

तेवढ्यात मॅडमची मान वाकडी झाली. भावजी आतून पिचकारी घेऊन आले. मी फोन खांद्यात दाबून उशी ओढली, मॅडमच्या डोक्याखाली सरकवली. ताईने घड्याळ बघितलं आणि ती सेकंद मोजायला लागली. फोन बंद करायचा दोघांनाही राहून गेला होता. मला प्रत्येक सेकंद दोनदा ऐकू येत होता.