फुली मारलेला बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे, पण मला नवा म्हणून विकलं गेलं. मित्रांनो, माझी सगळी रडकथा या एका वाक्यात आली. तरीही ती सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण प्रश्न माझ्या जिवाचा नाही, तुमच्या जिवाचा आहे.

विमानाचं इंजिन पंखाखाली लटकतं, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याला आम्ही बोल्ट धरून ठेवतो. एका इंजिनाला चौघं, दोन इंजिनांना आठ. हजारो उड्डाणं आम्ही आठ भावंडांनी दातओठ खात ती इंजिनं सांभाळली. कुणी आमचं कौतुक केलं नाही. बोल्टची आठवण कुणाला होत नाही तेच बरं, कारण आठवण होते ती काही विपरीत घडल्यावरच.

आम्हाला ओळखणारा एकच माणूस होता. विमानं दुरुस्त करायच्या त्या प्रचंड शेडमध्ये सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. गळ्यात कायम भिंग लटकवलेले हे मेकॅनिक स्वतःच्या बायकोवरही एवढा विश्वास ठेवत नसतील जेवढा नखावर ठेवत. भिंगाने बघायचं आणि मग नखाने चाचपायचं, ही त्यांची रीत. आमचे दिवस भरले तेव्हा त्यांनीच आम्हाला बाहेर काढलं. माझ्या मानेवर केसाएवढी चीर निघाली. काकांनी कानशीने आठही जणांच्या डोक्यावर फुली घासली आणि आम्हाला लाल पेटीत टाकलं. फुली म्हणजे बाद. बाद झालेल्याचे त्याच दिवशी कटरवर दोन तुकडे करायचे, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या हाती लागायला नको, हा काकांचा चाळीस वर्षांचा नेम होता.

त्या दिवशी नेमका कटर बिघडला होता आणि कॅन्टीनमध्ये केक घेऊन सगळे काकांची वाट बघत होते.

"काका, चला की! किती वेळ?"

"आलो, आलो," काका म्हणाले आणि लाल पेटीवर हात ठेवून पुटपुटले, "उद्या सकाळी पहिलं काम हेच."

मित्रांनो, तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. चाळीस वर्षं उद्या कामावर यायची सवय. आपल्याला आता उद्या नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

पेटी भरली आणि आम्ही अखंडच भंगारात गेलो. तिथून एका बंद खोलीत. तिथे आम्हाला तेजाबात बुडवलं, वर चकचकीत मुलामा चढवला, नव्या डब्या दिल्या आणि शिक्के मारलेली खोटी प्रमाणपत्रं दिली. वरून कीर्तन, आतून तमाशा! माझी चीर मुलाम्याखाली झाकली गेली. आठ भावंडांची ताटातूट झाली आणि दैव बघा, मी फिरून त्याच शेडमध्ये आलो.

माझी डबी उघडली ती काकांच्या मुलीने. तीही मेकॅनिक. तिने मला उचललं, नख फिरवलं आणि ती थबकली. मी मनातल्या मनात जिवाच्या आकांताने ओरडलो. थांब, पोरी, पुन्हा फिरव!

"साहेब, याच्या डोक्यावर नखाला काहीतरी लागतंय."

"प्रमाणपत्र आहे ना?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "विमान दोन तास उशिरा आहे. बसव."

"पुढच्या तपासणीत हाच आधी काढून बघीन," ती म्हणाली आणि तिने मला बसवलं.

तपासणी दोनदा पुढे ढकलली गेली. प्रत्येक उड्डाणाला माझी चीर तसूतसूने वाढत होती. शेजारचे तिघं खरे, धडधाकट. त्यांना काय सांगणार? पायऱ्यांवरून चढणाऱ्या मुलांचे आवाज यायचे. कुणी खिडकीसाठी भांडायचं, कुणी आजीचा हात धरायचं. मी रोज स्वतःला बजावायचो, आज नको, आजचा दिवस धर. मला भीती वाटत होती, मित्रांनो. दुसरा शब्द नाही.

एका सकाळी काका बहिणीकडे जायला त्याच विमानाच्या पायऱ्यांशी आले. मुलगी निरोप द्यायला खाली उभी होती.

"बाबा, कितव्या रांगेत आहात?"

"पंखाशेजारी. तुझं काम बघायला नको का?"

ती हसली. मग म्हणाली, "तिथे एक नवा बोल्ट आहे, त्याचं मला अजून खटकतंय. डोक्यावर नखाला दोन आडव्या-उभ्या रेघा लागतात."

काका पहिल्याच पायरीवर थांबले. मागच्या लोकांनी कुरकुर केली, तरी ते हलले नाहीत. त्यांनी बॅग खाली ठेवली.

"एकमेकींना छेदणाऱ्या?"

"हो. पण बाबा, कागद बरोबर होता."

"कागद कुणाचा ते मला ठाऊक नाही. फुली माझ्या हातची आहे. विमान थांबव."

साहेब धावत आले. "निवृत्त माणसाच्या शब्दावर उड्डाण अडवता? नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे," ती म्हणाली. "विमान सोडायच्या कागदावर मी सही देणार नाही."

मला काढलं. मुलामा खरवडला, तेव्हा चीर निम्म्या मानेपर्यंत पोचलेली दिसली. काकांनी मला स्वतः कटरवर धरलं. आपण "उद्या" म्हणालो होतो, हे त्यांना तेव्हा आठवलं आणि सगळ्यांसमोर ते लहान मुलासारखे रडले.

आता माझे दोन तुकडे काकांच्या टेबलावर, टेलिफोनशेजारी असतात. जुन्या वस्तू जपा, असं आपली कहाणी सांगणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्या वस्तू तुम्हाला सांगतात. मी उलट सांगतो. ज्याचे दिवस भरले त्याला तोडा, आणि आजच तोडा.

काका सकाळपासून एकेका विमान कंपनीला फोन लावतात आणि तेच विचारतात, "तुमच्याकडच्या बोल्टवर नख फिरवून बघाल का?" बरेच जण म्हणतात, "उद्या बघतो."

माझी सात भावंडं अजून हवेत आहेत.