नावानं न सापडलेला माणूस

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. तेलंगणातल्या नेरडीगोंड्याच्या आठवडी बाजारात चिंचेच्या झाडावर टांगलेला. माझ्या पत्र्याला पोचे पडलेत, रंग उडालाय. पण माझ्या तोंडून इतकी माणसं बोलून गेली, की कोण कसं बोलतं याचा मला छंदच लागला.

पुरुष माइक हाती आला की आधी फुंकर मारतात, मग "सर्वांना कळविण्यात येते" म्हणून सुरू होतात. बायका माइक वीतभर लांब धरतात आणि विचारतात, "बोलू काय?" गाव एक, माइक एक, मग असं का? मला उलगडत नसे.

एका बाजारी देवकाबाई धापा टाकत आली. जवळच्याच खेड्यातली म्हातारी.

"दादा, आमच्या घरचे दिसून नाही राह्यले. त्याईले आताशा ध्यान राहत नाही. हायवेकडं गेले त काय करू?"

माइकवाल्या भूषणनं विचारलं, "नाव काय त्याईचं?"

देवकाबाईनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच.

"आजी, नावच नाही सांगितलं त पुकारू कसं?"

शेवटी शेजारची भाजीवाली रेणुकाबाई म्हणाली, "धोंडीबा हाय त्याईचं नाव."

भूषणनं आधी तेलुगूत, मग मराठीत पुकारलं, "धोंडीबा, आपण जिथे असाल तिथून माइकजवळ यावे." पुन्हा पुकारलं. कोणी आलं नाही. हायवेवरून ट्रक धडधडत होते. माझा आवाज तिथवर पोचत होता, तरी माणूस येत नव्हता. देवकाबाई माइकजवळ सरकली. तिनं हात पुढं केला.

"मी बोलू काय?"

भूषणनं माइक तिच्या तोंडाजवळ धरला.

"अवो! ऐकलं काय? कुठं गेले तुमी? चहा थंडा हून राह्यला!"

काय सांगू, मित्रांनो! कांदे निवडणारे, दाढी करून घेणारे, बिडी ओढणारे, अर्ध्या बाजारातल्या नवऱ्यांनी माना वळवल्या. एक जण तर "आलो, आलो" म्हणत उठलासुद्धा. सगळा बाजार हसला. आणि त्या हशातून, हायवेकाठच्या टपरीमागून, एक म्हातारा टोपी सावरत आला.

"आलो ना! इतकी काऊन वरडून राह्यली?"

 देवकाबाईनं त्याचा हात घट्ट धरला.

धोंडीबा हे नाव रेशनकार्डावरचं. म्हातारपणी ते त्याच्या मनातून पुसलं गेलं होतं. "अवो" मात्र पुसलं नव्हतं.

आता भूषणनं नवा स्पीकर घेतलाय. मी गंजत टांगलेला आहे. तरी बाजारात कोणी हरवलं की भूषणचं बोलणं मला ऐकू येतं. तो आधी नाव विचारतो. मग हळूच म्हणतो, "अन् घरी काय म्हणून हाक मारता?"

मित्रांनो, तुमची आजी आजोबांना कशी हाक मारते, ते एकदा कान देऊन ऐका. ते कुठंच लिहिलेलं नसतं. तुम्हीच ते जपायचं.