एकशे दहा बटणं

“मावशी, रोजच्यासारखंच काम कर. घाई नको,” सुदाम हळूच म्हणाला.

“तू घड्याळ दाब रे,” द्रौपदीमावशी म्हणाली आणि तिचे हात भराभर चालू लागले.

आनंदनगरच्या त्या कारखान्यात विजेची बटणं बनत. पट्टी, स्प्रिंग, झाकण, दोन स्क्रू. मावशी चौदा वर्षं हेच जुळवत होती. अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या चाळीत डिप्लोमा झालेला सुदाम पहिलाच. साहेबांच्या कानावर घालून त्याला इथं लावलं तेही मावशीनंच. कुठल्या कामाला किती वेळ लागतो, हे मोजायची नोकरी. १९९१ सालचं हे त्याचं पहिलंच मोजमाप.

तासाला एकशे दहा बटणं भरली. कुणी बघत असलं की माणसाचा हात जास्त चालतो, तेवढी सूट द्यायची असते, हे सुदाम शिकला होता. त्यानं नव्वद लिहिलं.

“बाई एकशे दहा करते, मग नव्वद कशाला?” साहेब म्हणाले. “तुला कन्फर्म व्हायचंय ना?”

सुदामनं नव्वद खोडलं, एकशे दहा लिहिलं आणि खाली सही केली.

पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनाच एकशे दहा. मुतारीला उठावं लागू नये म्हणून बायका पाणी पिईनात. मावशीची बोटं सुजू लागली. डिसेंबरात आकडा न गाठणाऱ्या चौघींना काढलं. त्यात मावशीही होती.

“साहेब, पुन्हा मोजतो,” सुदाम म्हणाला.

“सही कुणाची आहे?” साहेबांनी विचारलं.

रविवारी तो मावशीकडे गेला.

“मीच येडी,” ती म्हणाली. “तुझं नाव व्हावं म्हणून हात पळवले. तुझा काय दोष?”

“मावशी, मला ठाऊक होतं. दिवसभर तेवढं कुणालाच जमणार नाही. मी आधी नव्वद लिहिलं होतं. मग खोडलं.”



“माझ्या शेजारी कामाला बसणारी कुंदा माझ्याशी बोलत नाय,” मावशी म्हणाली. “म्हणते, तुझ्यामुळं झालं. तिला सांगशील हे?”

सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सुदामनं सगळ्यांसमोर सांगितलं. कुंदानं अर्धा डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी तो चाळीत शिरला तेव्हा मावशी दारात तांदूळ निवडत होती. त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. तिनं सूप बाजूला सारलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.