काळजातली दुसरी वाट

सासूवर माहा राग नाही. सासू ती सासूच. राग आहे तो मायवर, माह्या सख्ख्या मायवर, बोरगावच्या अंबाबाईवर.

लहानपणापासून माह्यं काळीज मधातच पिसाळते. कापूस वेचता वेचता, भाकर थापता थापता, एकदम धावत सुटते. डोळ्यासमोर अंधारी, घाम, अंगभर कापरं. अन् जसं येते तसंच पटकन जाते. लग्नाआधी माय मले नागपूरले एका दवाखान्यात घेऊन गेली होती. हातापायाले वायरी लावल्या, मग डॉक्टरनं मायले एकटीलेच आत बोलावलं. बाहेर आली तं म्हणे, "डॉक्टरच्या हातचं नाही हे, वच्छला. बाहेरचं आहे." मी मानलं. मायवर कोण भरोसा नाही ठेवत?

मग पांढुर्ण्याच्या गुणवंताशी लग्न झालं. पोरगी झाली, विजया. ती चालाले लागली अन् एक दिवस पाहुण्यांसमोर माह्यं सुरू झालं. माही सासू, आत्याबाई, म्हणे, "हिच्या अंगातलं निघू द्या आधी. तोवर पोरगी इथंच राहीन, तिच्यावर सावली नको." गुणवंता खाली मान घालून बसला होता. मले बोरगावले धाडलं. माय मले जामसांवलीच्या मारुतीपुढं भूत उतरवाले नेऊन बसवे. मारुतीरायाले बोल नाही लावत मी. त्याले तरी कुठं कोणी खरं सांगतलं होतं?

औंदा नागपूरले मामाकडे गेली होती. बाजारातच काळीज सुटलं. मामीनं रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, तं तोच दवाखाना, तोच डॉक्टर. म्हणे, "दम रोख अन् खाली जोर लाव." लावला. अन् बाई, थांबलं की! मग त्यानं कागदावर काढून समजावलं. काळजाले स्वतःची वीज असते. वरून निघते, मधात एक फाटक आहे, तिथं जराशी थांबते, मग खाली उतरते. माह्या काळजात जन्मापासून आणखी एक वाट आहे, त्या फाटकाच्या बाजूनं. कधी कधी वीज एका वाटेनं उतरते अन् दुसरीनं वर चढते. मग घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरते, अन् काळीज तिच्यामागं धावते.

"म्हणजे भूत नाही?" मी विचारलं.

"कसलं भूत? तुझ्या आईला मी तेव्हाच सांगितलं होतं. बोरगावच्या ना तुम्ही? मुलीचं लग्न मोडेल म्हणून फार रडल्या होत्या."

घरी आली तं माय तूर निवडून राहिली होती. मी म्हटलं, "तुले माहीत होतं?"

तिचा हात थांबला. "हो. भूत निघते वं, म्हणून लोक सून करून घेतात. काळजात खोट असलेली पोट्टी कोण घेते? तुह्यं भलंच पाहिलं मी."

"बरं केलं बाप्पा! माही पोरगी माह्यापासून तुटली, हे भलं? आता पांढुर्ण्याले चाल. आत्याबाईसमोर एवढंच सांग, म्हणजे माही विजया मले भेटन."

माह्या डोक्यावर हात ठेवून तिनं शपथ घेतली.

पांढुर्ण्याले ओसरीवर सगळे जमले. मी सगळं सांगतलं, फाटक, वाट, सगळं. गुणवंतानं पहिल्यांदा मान वर केली. विजया दारातून निघून हळूहळू माह्याकडे येऊन राहिली होती. मी हात पुढं केला.

आत्याबाईनं मायकडे पाहिलं. "जन्माचं आहे म्हणता, इहीनबाई? मग तुमच्या धाकट्या पोरीले, सुधाले बी असन का? आमच्या दिराच्या पोरासाठी तिची बोलणी चालू आहेत, म्हणून विचारते."

मायनं पदर सारखा केला. माह्याकडे पाहिलंही नाही.

"नाही बाप्पा," माय म्हणे. "कोणता डॉक्टर न् काय! मले कोणीच काही नाही सांगतलं. तिच्या अंगात आहे ना, तेच बोलून राहिलं तिच्या तोंडून."

विजया जागीच थांबली.

"माय, खरं सांग वं!" मी ओरडली. पुन्हा ओरडली. अन् मी जेवढी ओरडली तेवढी विजया मागं मागं सरकत गेली.