३.४ ची रिकामी जागा

नादिया बेंटांकोरच्या प्रबंधाचा मसुदा नऊ ऑक्टोबरला परीक्षकांकडे गेला. त्यात तिसऱ्या प्रकरणातलं ३.४ हे प्रमेय तिचं होतं. उरलेली एकशे दहा पानं म्हणजे त्या प्रमेयापर्यंत चढायची आणि तिथून उतरायची वाट. हे तिला माहीत होतं. तिच्या मार्गदर्शकालाही होतं.

मार्गदर्शक विल्मार एचेवेर्री. मोंतेविदेओच्या गणित विभागात त्याच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध नुसते चाळले तरी ओळखू येत. व्याख्या, साहाय्यक प्रमेयं, टिपा, प्रमेयं, सगळ्यांना मिळून क्रमांकांची एकच रांग. ३.१ व्याख्या, ३.२ साहाय्यक प्रमेय, ३.३ टीप, ३.४ प्रमेय. वाचणाऱ्याला शोधाशोध नको म्हणून. दुसऱ्यांची प्रमेयं मात्र या रांगेत बसत नसत. त्यांना अक्षरं मिळत: प्रमेय अ, प्रमेय ब. हा नियम दुसऱ्या पानावर एका वाक्यात छापलेला असे आणि ते वाक्य विल्मारनेच पंधरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं.

एकवीस नोव्हेंबरला त्याने तिला खोलीत बोलावलं. माते, तिकडचा वाटून प्यायचा कडू चहा, भरून तो एकट्यानेच पीत बसला. तिला विचारलं नाही.

"३.४ ला अक्षर दे," तो म्हणाला. "प्रमेय क."

"का? ते माझं आहे."

"माझा लेख गेलाय छापायला. त्यात आहे ते."

"लेखावर नावं कुणाची?"

"नाव. एकच आहे. फळ्यावर कल्पना कुणी मांडली होती?"

"तू मांडलीस ती चुकीची होती, विल्मार. सम मितींमध्ये ती कोसळते. ते सावरायला मला आठ महिने लागले."

"आठ महिने! मोजून ठेवलेत बाईंनी." त्याने मातेचा शेवटचा घोट आवाज करत ओढला. "फाईलच्या माथ्यावर दोन ओळी, आत एक शब्द. दहा मिनिटांचं काम. पुढचे क्रमांक आपोआप सरकतात, मागचे उल्लेख आपोआप बदलतात. कुणाला कळणारसुद्धा नाही की तिथे काही होतं."

"आणि नाही केलं तर?"

"अंतिम प्रतीवर माझी सही नाही. मग बारा डिसेंबरची मौखिक परीक्षाही नाही. मार्चमध्ये बघू. तोवर ते कोन्सेप्सिओन विद्यापीठवाले तुझ्या अर्जासाठी नोकरी धरून बसले तर तुझं नशीब."

"लाज नाही वाटत तुला?"

"दार लावून घे जाताना."

तिने त्याच दुपारी ते काम केलं. फाईलच्या माथ्यावर अक्षरी प्रमेयांचा प्रकार आधीपासून होताच. शेहेचाळिसाव्या पानावर फक्त शब्द बदलायचा होता. तिने तो बदलला, खाली विल्मारच्या लेखाचा उल्लेख घातला आणि फाईल चालवून नवी पानं काढली. तिचं प्रमेय 'प्रमेय क' झालं. त्याच्या खालची दोन ओळींची टीप, जी कालपर्यंत ३.५ होती, ती ३.४ झाली.

टिपेकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग प्रमेयाच्या खाली तिने आणखी एक ओळ लिहिली. मोजणी एका अंकाने पुढे ढकलणारी. फाईल पुन्हा चालवल्यावर टीप ३.५ वर परत गेली. ३.४ कुठेच नव्हतं.

विल्मारने पान शेहेचाळीस उघडलं, अक्षर पाहिलं आणि सही केली.

बारा डिसेंबरला सकाळी दहा वाजता परीक्षा सुरू झाली. परीक्षक तिघे होते. अध्यक्ष विल्मारचा जुना सहकारी. दुसरे गृहस्थ सगळा वेळ पंख्याकडे बघत होते. तिसरी इरासेमा फोन्तोउरा, पोर्तो आलेग्रेहून आलेली. मसुद्यावरचा तिचा सहा पानी अहवाल आधीच दाखल झाला होता आणि त्याची प्रत तिच्यासमोर होती.

"माझा प्रश्न किरकोळ आहे," इरासेमा म्हणाली. "अहवालात मी लिहिलंय, ३.४ ओळ न् ओळ तपासलं, एवढ्यावरच पदवी द्यावी. पण इथे ३.३ नंतर एकदम ३.५. ३.४ गेलं कुठे?"

"टंकनदोष," विल्मार मागच्या बाकावरून म्हणाला.

"तुला विचारलं नाही."

"टंकनदोष नाही," नादिया म्हणाली. "३.४ ला आता प्रमेय क म्हणायचं. अक्षरं कुणाच्या प्रमेयांना देतात ते दुसऱ्या पानावर आहे."

इरासेमाने दुसरं पान काढून ते वाक्य मोठ्याने वाचलं. "मग मी तपासलं ते कुणाचं होतं?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. "क्रमांकांची मांडणी हा परीक्षकांचा विषय नाही, इरासेमा."

"नसेल. पण जो क्रमांकच नाही त्यावरच्या अहवालाखाली माझी सही राहणार नाही. काढून घेते. मग दोघांच्या जिवावर द्या पदवी, नियमात बसत असेल तर." ती मागे वळली. "माझ्याकडे हे ऑक्टोबरच्या नऊ तारखेला आलं. तुझा लेख कधी गेला, विल्मार?"

"तारखांचा काय संबंध?"

"कधी गेला?"

"नोव्हेंबरात," तो म्हणाला. पंख्याकडे बघणाऱ्या गृहस्थांनी मान खाली आणली.

परीक्षक चाळीस मिनिटं दार लावून बसले. इतिवृत्तात लिहिलं गेलं: प्रबंध मान्य, शेहेचाळिसाव्या पानावरच्या निष्कर्षाला ऑक्टोबरच्या मसुद्यातला क्रमांक परत द्यावा, दुरुस्ती प्राध्यापक फोन्तोउरा तपासतील.

इमारतीच्या दारात, नव्या पदवीधराला माखायच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे, मित्र अंडी आणि पीठ घेऊन टपलेलेच होते. नादिया बाहेर पडली आणि मिनिटभरात पांढरीपिवळी झाली. विल्मार कडेकडेने आला. त्याला कुणी हाक मारली नाही.

"ती रिकामी जागा मुद्दाम ठेवलीस," तो म्हणाला.

"हो."

"कोन्सेप्सिओनला आजच कळवतो, तू कसलं माणूस आहेस ते."

"कळव." तिने भुवईवरचा बलक पुसला. "पान मी सोमवारी बदलतेय."

"माझ्या सहीशिवाय?"

"इतिवृत्त वाच. ती आता लागत नाही."

नोकरीच्या अर्जाला कोन्सेप्सिओनहून फेब्रुवारी संपेपर्यंत काहीच उत्तर आलं नाही. ग्रंथालयातल्या प्रतीत ३.३ नंतर ३.४ आहे.